नारिंगी घाम

"बारा म्हणजे बारा! हा तेरावा नग कुणाचा ते आधी सांग, मग गाठोडं खाली ठेव."

सकाळीच ऊन चटके द्यायला लागलं होतं. नदी आटून गुडघाभर उरलेली, काठच्या काळ्या मातीला हात आत जाईल एवढ्या भेगा पडलेल्या, आणि आमची इस्त्रीवाली धुण्याच्या दगडावर उभी राहून डेअरीच्या गाडीवाल्याला फैलावर घेत होती. मी माझ्या दोन म्हशी पाण्यात बसवून काठाला टेकले होते. मला दुसऱ्याचं भांडण ऐकायला आवडतं, खोटं कशाला बोलू?

"अगं, खुंटीला गाठोडं होतं ते उचललं आणि आणलं," गाडीवाला म्हणाला. "डेअरीचे पांढरे कोट असतात त्यात. एक बनियन जास्त आला तर तुझे हात झिजणार आहेत का?"

"हात नाही झिजत. पण उद्या हरवला की पहिली बोंब माझ्या नावाने."

"मग फेकून दे नदीत!" असं म्हणून त्याने गाडी पिटाळली. सगळी धूळ आमच्या नाकातोंडात.

इस्त्रीवालीने बनियन झटकला, उन्हासमोर धरला आणि गप्प झाली. ही बाई शिव्या देते तोवर मला काळजी नसते. गप्प झाली की मी उठून बसते.

"मावशी, इकडे या. रंग कुठला दिसतो सांगा."

बगलेत, पाठीवर, छातीवर, गळ्याच्या काठाला, सगळीकडे नारिंगी झाक होती. मी म्हटलं, "गंज लागला असेल खुंटीचा."

"गंजाचे ठिपके पडतात. असा अंगभर पसरत नाही तो."

आता तुम्हाला सांगायला हवं. आमच्या गावात ताप आला तर लोक दवाखान्यातल्या नर्सबाईकडे जातात, आणि घामाला रंग आला तर इस्त्रीवालीकडे. वीस वर्षं गावाचे मळके कपडे हाताखालून गेलेत तिच्या. तांबटाच्या कॉलरी हिरव्या पडायला लागल्या तेव्हा त्याची बायको रडत आली होती की नवऱ्यावर कुणी विषप्रयोग केला. इस्त्रीवालीने सांगितलं, भांडी घासून तांब्याची पूड अंगावर बसते, त्यावर घाम आला की हिरवं होतं, त्याला म्हणावं काम संपलं की रोज अंघोळ कर. मास्तरच्या बगला पिवळ्याजर्द. ते जंतूंचं काम, बगलेतल्या केसांवर बसतात आणि घाम रंगवतात, साबण आणि वस्तरा घेतला की जातात. नर्सबाईनेसुद्धा तेच सांगितलं आणि वर मलम दिलं.

सुताराचा तर तमाशाच झाला. त्याचा घाम गुलाबी येत होता. अंगातून रक्त झिरपतंय म्हणून त्याने मुलांना जवळ बोलावलं, सुनांची क्षमा मागितली, आयुष्यात कधी मागितली नव्हती ती. इस्त्रीवालीने त्याच्या खांद्यावरचा नवाकोरा लाल टॉवेल ओढून बादलीत बुचकळला. पाणी लाल. सुतार वाचला आणि सुनांकडे मागितलेली माफी त्याने परत घेतली. आणि पलीकडच्या गल्लीतली म्हातारी होती, तिच्या गालावरून निळसर काळा घाम यायचा. मोठ्या डॉक्टरने सांगितलं की काही माणसांच्या ग्रंथीच तशा, शरीरच रंग बनवतं, घाबरायचं कारण नाही. तिचा नवरा तिला लाडाने 'दौत' म्हणायचा. नव्वद वर्षं जगली ती दौत.

"मग हा कुठला?" मी विचारलं.

"बाहेरचा रंग असता तर कापडाच्या बाहेरच्या बाजूला गडद असता. हा आतून गडद आहे. जंतू असते तर बगलेतच राहिले असते. आणि हे गळ्यापाशी बघा, तोंड पुसलंय याने. थुंकीसुद्धा नारिंगी." तिने बनियन मुठीत चुरगळला. "मावशी, हा रंग मी ओळखते. दोन महिने धुतलाय मी हा."

 तिने कुणाचे नारिंगी कपडे दोन महिने धुतले होते ते मला माहीत होतं.

तिचा नवरा डेअरीत मापाड्या होता. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माणूस असा की माप कधी थेंबभर इकडे नाही की तिकडे नाही. माझ्या म्हशींचं दूध तोच मोजायचा आणि रोज विचारायचा, "मावशी, धाकटी आज रुसली वाटतं, कमी दिलंन." त्याला खोकला लागला. दवाखान्यात तपासलं तर टीबी. नर्सबाई म्हणाली, घाबरू नको, सहा महिने गोळ्या, एकही चुकवायची नाही. लघवी, घाम, डोळ्यातलं पाणी सगळं नारिंगी होईल, तो गोळ्यांचाच रंग आहे, चांगलंच लक्षण समज. थोडे दिवस घरी बसून, डॉक्टरने हो म्हटल्यावर तो कामावर आला. दुसऱ्या महिन्यात अंग भरायला लागलं होतं त्याचं.

आणि एके सकाळी, सगळी रांग उभी असताना, चेअरमनने त्याच्या पांढऱ्या कोटाची बाही दोन बोटांनी उचलून सगळ्यांना दाखवली. "हा रंग बघा रे. हा घाम उद्या दुधात पडला तर शहरातून आपलं दूध परत येईल. तू असं कर, अंगातला रंग घालव, मग माझ्या कॅनला हात लाव. रंग घेऊन यायचं असेल तर येऊच नको."

मापाड्या म्हणाला, "साहेब, गोळीचा रंग आहे तो."

"मग गोळीचं तू बघ," चेअरमन म्हणाला.

रांगेत आम्ही पन्नास जण होतो. मी चौथी होते. बादली हातात होती आणि तोंडात मिठाची गुळणी. एकाने हूं की चूं केलं नाही. माझ्या पुढचे दोघे तर त्याच्यापासून पाऊलभर मागे सरकले. हे मी आज सांगते आहे, तेव्हा सांगितलं असतं तर काही तरी उपयोग झाला असता.

मापाड्याने गोळ्या बंद केल्या. आठवड्यात घामाचा रंग गेला, नोकरी राहिली. चार महिन्यांनी खोकला परत आला, आणि या वेळी आलेला खोकला जुन्या गोळ्यांना जुमानेना. शहरात नेलं, सुया झाल्या, सगळं झालं. पुढचा उन्हाळा त्याने पाहिला नाही. चेअरमन सांत्वनाला आला तेव्हा दारातच म्हणाला, "मी काही त्याला गोळ्या सोडायला सांगितलं नव्हतं हो." वर चहा पिऊन गेला.

हे सगळं माझ्या डोळ्यासमोरून जाईपर्यंत इस्त्रीवाली बनियनची आतली शिवण चाचपत होती. तिची पद्धत अशी की प्रत्येक घराची खूण वेगळी. शाई पुसली जाते म्हणून ती दोऱ्याने टाके घालते, कुणाचे दोन, कुणाची फुली, कुणाची फुली आणि खाली टाका. कपडा जुना होऊन पोतेरं झाला तरी ती खूण राहते.

"दोरा उसवलाय," ती म्हणाली. "कुणी तरी कात्रीने मुद्दाम काढलाय. पण मावशी, दोरा गेला म्हणून सुईची भोकं कुठे जातील?"

तिने शिवण सूर्यासमोर ताणली. उजेडाचे बारीक ठिपके दिसले. एक फुली आणि खाली तीन टाके. तीन टाके गावात एकाच घराला होते. त्या घराला तीन मजले आहेत म्हणून तिने तसे घातले होते.

"चेअरमन!" मी एवढ्या जोरात ओरडले की म्हैस उठून उभी राहिली.

"हळू. घरच्या गाठोड्यात घातला तर मी ओळखेन, म्हणून डेअरीच्या कोटांमध्ये घुसवला त्यांनी. दोन महिने त्या घरून बनियन येत नव्हते, उशांचे अभ्रे येत नव्हते. मला वाटलं, मशीन घेतलं असेल."

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? मला तर असा आनंद झाला की सांगता सोय नाही. मी काही साधुसंत नाही. म्हटलं, "आठ दिवसांवर डेअरीची सभा आहे, चेअरमनची निवड आहे. आजच गावभर करते. रांगेतला प्रत्येक जण त्याच्यापासून चार हात लांब पळेल. करावं तसं भरावं."

"तुम्ही कुणाला काही बोलायचं नाही," ती म्हणाली.

"अगं पण..."

"नवरा कुणाचा मेलाय? तुमचा की माझा?"

 ज्याचं जळतं त्याला कळतं. तिने बनियन धुतला नाही. तसाच घडी करून उराशी धरला आणि घरी गेली.

चार दिवस माझ्या पोटात बातमी नुसती उकळत होती. तिकडे चेअरमन भर उन्हात काळं जाकीट घालून गावभर मतं मागत फिरत होता. लोक म्हणायचे, "साहेब, एवढ्या गरमीत जाकीट?" तो म्हणायचा, "चेअरमनने नीटनेटकं दिसायला हवं." मी हसायचे आणि जीभ दाताखाली दाबायचे.

पाचव्या दिवशी भर दुपारी, कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत अशा वेळी, चेअरमनची बायको इस्त्रीवालीच्या दारात आली. मी तिथेच होते, आमची भिंत एक आहे आणि माझा अर्धा दिवस तिच्या ओट्यावरच जातो. मला बघून चेअरमनीण थबकली.

"बोला, बाई," इस्त्रीवाली म्हणाली. कोळशाची इस्त्री तिने खाली ठेवली नाही. "मावशींपासून माझं काही लपलेलं नाही."

चेअरमनीणबाईने पिशवीतून पाच बनियन आणि तीन अभ्रे काढले. सगळे नारिंगी. "डाग निघतील का गं हे? भट्टीत उकळून, काही करून?"

"निघतील की. पण परवा परत पडतील."

"नाही पडणार," ती खालच्या मानेने म्हणाली. "यांनी गोळ्या बंद केल्यात. सभा होईपर्यंत बंद म्हणतात. महिन्यापूर्वी पण पाहुणे येणार होते म्हणून आठ दिवस बंद केल्या होत्या. त्याआधी पण. शहरातल्या डॉक्टरकडून आणतात, इथल्या नर्सला कळू नये म्हणून. खोकला परत सुरू झालाय. मी बोलले तर अंगावर धावून येतात. तू डाग काढून देत गेलीस तर घेतील गं ते गोळ्या. रोज नवे बनियन तरी किती आणू?"

इस्त्रीवाली इस्त्री फिरवत राहिली. मग तिने विचारलं, "तुम्हाला माहीत आहे ना, माझा माणूस कशाने गेला?"

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं त्याला रंग घालवायला, ते?"

चेअरमनीणबाई रडायला लागली. "तेव्हा मी घरात बोलले होते यांना. माझं कोण ऐकतं?"

"कपडे ठेवून जा," इस्त्रीवाली म्हणाली.

ती गेल्यावर मी दार लोटलं आणि म्हटलं, "झालं. देवाने तुझ्या हातात आयतं आणून दिलं. तुला काही करायचंच नाही. नुसती गप्प बस! तो स्वतःच्या हाताने मरतोय. तेच गोळ्या सोडणं, तोच खोकला. वर्षभरात निकाल."

तिने इस्त्री आपटली. निखारे उडाले.

"मावशी, एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. त्याने गोळ्या बंद केल्यावर पहिला पांढराशुभ्र कोट माझ्या भट्टीतून निघाला ना, तेव्हा मी तो दोरीवर टाकून हसले होते. मला बरं वाटलं होतं. म्हटलं, गेला बाई डाग, नोकरी राहिली. मीच त्याला म्हणाले, खोकला तर गेलाय, मग कशाला हव्यात गोळ्या? तीन वर्षं रोज तो कोट माझ्या डोळ्यापुढे येतो. रोज! भाकरी घशाखाली उतरत नाही माझ्या. आणि हा मरून सुटणार? वर्षभर खोकेल, चार लोक हळहळतील, फोटोला हार घालतील, सुटला. मी त्याला सुटू देणार नाही. मेलं की काही आठवत नाही, मावशी. आठवायला जगावं लागतं."

मला तेव्हा तिचं म्हणणं नीट कळलं नाही. मला वाटलं, दुःखाने डोकं फिरलंय.

सभा डेअरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. वरून पत्रा तापलेला, खाली दीडशे माणसं, दुधाचा आंबूस वास. टेबलामागे चेअरमन, काळ्या जाकिटात, कपाळ पुसून पुसून रुमाल ओला झालेला. घामाला रंग नव्हता. मध्येच तो रुमालात खोकायचा आणि म्हणायचा, "धूळ फार आहे." पुढच्या बाकावर नर्सबाई होती, तिची एक गाय आहे म्हणून ती सभासद. बायकांच्या बाजूला चेअरमनीणबाई बसली होती.

निवडीचा विषय आला आणि इस्त्रीवाली उठली. नवऱ्याच्या मागे सभासद तीच होती, म्हणून कुणी अडवलं नाही. तिने तो बनियन इस्त्री करून कडक घडी घालून आणला होता. धुतला नव्हता, नुसती इस्त्री. टेबलावर उलगडून पसरला.

"साहेब, तुमचा एक नग माझ्याकडे राहिला होता."



"हा... हा माझा नाही," चेअरमन म्हणाला. "काय तमाशा आहे हा?"

"तुमचाच. दोरा काढलात, भोकं राहिली. कुणाला बघायचं असेल त्याने येऊन बघावं. गावातल्या प्रत्येकाच्या कपड्यात माझे टाके आहेत, आपापली शिवण चाचपून बघा."

आणि खरंच, दीडशे माणसं आपापली कॉलर उलटी करून बघायला लागली. दुसरी वेळ असती तर मी हसून लोळले असते.

"हा रंग सगळ्यांनी आधी पाहिलाय," इस्त्रीवाली लोकांकडे वळली. "याच जागी, माझ्या माणसाच्या बाहीवर. गोळीचा रंग आहे हा. दोष नाही, घाण नाही, दुधात उडी मारत नाही. साहेबांनी तेव्हा काय म्हटलं होतं ते त्यांनीच सांगावं. सांगा, साहेब."

चेअरमनने ओला रुमाल पुन्हा कपाळाला लावला. तोवर लोकांच्या डोक्यात प्रकाश पडला होता. पुढच्या बाकावरचे दोघे हळूच उठले आणि मागे गेले. मग दुसरा बाक हलला. हेच लोक, हेच पाय, तेव्हाही असेच सरकले होते.

"बसा खाली!" ती एवढ्या जोरात कडाडली की पत्रा घुमला. "पळताय कुठे? दोन महिने यांच्या मांडीला मांडी लावून बसलात तेव्हा नाही झालं काही? नर्सबाई, सांगा यांना."

नर्सबाई उठली, पण आधी तिने इस्त्रीवालीकडेच रागाने पाहिलं. "हे असं चारचौघांत सांगायचं नसतं. माझ्याकडे यायचं होतंस."

"माझ्या माणसाचं सांगितलं होतं चारचौघांत. तेव्हा तुम्ही रांगेत होता."

नर्सबाईने मान खाली घातली. मग लोकांना म्हणाली, "नियमित गोळ्या घेतल्या की काही आठवड्यांतच दुसऱ्याला धोका राहत नाही. पण मध्येच सोडल्या की आजार हट्टी होतो. यांची पुन्हा तपासणी करावी लागेल. निकाल येईपर्यंत तोंडाला मास्क आणि मोकळ्या हवेत बसणं. घाबरून कुणाला वाळीत टाकायचं नाही."

मागून कुणी तरी ओरडलं, "म्हणजे हा चेअरमन नको! दुसरा निवडा!" लगेच तीस-चाळीस आवाज उठले. चेअरमनने दोन्ही हात टेबलावर टेकले. वीस वर्षांची खुर्ची हलताना दिसत होती मला आणि मी मनात म्हणत होते, पाड, पाड, एकदाचा पाड.

इस्त्रीवालीने हात वर केला. "माझं मत यांनाच."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"यांना पाडलंत तर हे घरात तोंड लपवून बसतील, गोळ्या चुकवतील आणि मरतील," ती म्हणाली. "ते मला नको आहे. चेअरमनला रोज सकाळी डेअरीत यावं लागतं. त्यांनी यावं. रांग उभी असताना, सगळ्यांसमोर गोळ्या घ्याव्यात, पांढरा कोट घालून, आणि सहा महिने या डेअरीचं दूध त्यांनी स्वतः मोजावं, माझा माणूस उभा राहायचा त्या जागी. घाम येईल तो येऊ दे. कोट मी धुवेन. कबूल असेल तर हात वर करा."

चेअरमन पुटपुटला, "मी गोळ्या आणलेल्या नाहीत."

तेव्हा बायकांच्या बाजूने चेअरमनीणबाई उठली. तिने पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढली आणि चालत जाऊन बनियनवर ठेवली. नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नर्सबाईने पाकीट उलटंपालटं करून बघितलं, मान हलवली. कुणी तरी कॅनवरचं झाकण भरून पाणी दिलं. दीडशे माणसांसमोर चेअरमनने गोळ्या गिळल्या, एक एक करून, आणि प्रत्येक गोळीला त्याचा गळा असा हलत होता जसा काही दगड गिळतोय. मग हात वर झाले. माझाही झाला. का केला ते मला आजही सांगता येणार नाही.

तपासणी झाली. नशीब त्याचं, आजार अजून जुन्याच गोळ्यांना ऐकत होता. नर्सबाईने दिवस पहिल्यापासून मोजायला घेतले. निकाल चांगला येईपर्यंत तो बाहेर झाडाखाली मास्क लावून बसायचा आणि तिथेच गोळ्या घ्यायचा. मग आत आला. पांढरा कोट, हातात माप. आठवड्यात बाह्या नारिंगी. रोज सकाळी रांगेसमोर गोळ्या, रोज सकाळी इस्त्रीवाली तिथे हजर.  धुतलेला कोट द्यायची, डाग पडलेला घ्यायची, आणि तो गोळी गिळेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. दोनदा त्याने सोंग केलं. एकदा ताप, एकदा पाठदुखी. दोन्ही वेळा ती अख्खी रांग घेऊन त्याच्या तीन मजली घरासमोर जाऊन उभी राहिली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण तिसऱ्यांदा त्याने सोंग केलं नाही.

पहिल्या महिन्यात तो चिडलेला असायचा. दुसऱ्यात त्याचा खोकला थांबला. तिसऱ्यात त्याला भूक लागायला लागली, चालताना धाप लागेना. एकदा माझं दूध मोजताना तो अचानक थांबला, स्वतःच्या बाहीकडे बघत राहिला आणि दूध मापातून सांडलं.  त्या दिवसापासून तो गोळी घ्यायला मागेपुढे करेनासा झाला, पण तिच्याकडे बघेनासाही झाला.

सहा महिने संपले. नर्सबाईने थुंकी तपासून सांगितलं, साफ बरा. त्याच दुपारी तो इस्त्रीवालीच्या ओट्यापाशी आला. एकटाच. जाकीट नाही, साधा सदरा, बगलेत नुसता पाण्यासारखा घाम. मी भिंतीला टेकून शेंगा सोलत होते.

"झाल्या गोळ्या," तो म्हणाला.

"कळलं."

"वजन आठ किलोने वाढलं."

"बरं झालं, साहेब."

तो जाईना.  इस्त्रीवाली एक बाही पालथी घालून दाबत होती. शेवटी तो म्हणाला, "एवढंच होतं? नुसत्या गोळ्या घ्यायच्या आणि रंग सोसायचा? म्हणजे... त्याने घेतल्या असत्या तर तोही..."

"दोन महिने घेऊन झाले होते त्याचे," ती म्हणाली. "चारच राहिले होते."

चेअरमन ओट्याच्या पायरीवर मटकन बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी कधी त्या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला त्याची कीव आली. मी पाणी द्यायला उठले तर इस्त्रीवालीने नजरेनेच मला खाली बसवलं.  ती एकामागून एक कपडे उचलत राहिली, इस्त्री फिरवत राहिली. तो उठून गेला तेव्हाही तिने मान वर केली नाही.

खुर्ची त्याने दुसऱ्या दिवशी सोडली. आता डेअरीत येत नाही, चौकात बसत नाही. कुणी रामराम केला तर दचकतो. त्याची बायको सांगते, जेवायला बसले की घास हातात घेऊन नुसते बघत राहतात.

परवा मी इस्त्रीवालीला म्हटलं, "पुरे की गं आता. किती वाळलाय तो."

"वाळला असेल," ती म्हणाली, "पण नर्सबाईला मी मुद्दाम विचारून आलेय. छाती साफ आहे, रक्त चांगलं आहे. अजून तीस वर्षं सहज जगेल."